अर्ध्यात कापलेली पुस्तकं

आमच्या घरात एकही जाड पुस्तक अखंड नाही. बोटभर जाडीच्या वरचं जे काही या घरात आलं, ते मधोमध कापलं गेलं. कपाट उघडलं की पाहुण्यांना वाटतं, वाळवी लागली असणार, नाहीतर नातवंडांनी धिंगाणा घातला असणार. एका शिक्षक पाहुण्यांनी तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देव्हाऱ्यातले देवच रद्दीत दिले असावेत. मी समजावून सांगायच्या भानगडीत पडले नाही. ज्यांची पुस्तकं काचेमागे कोरी करकरीत उभी असतात त्यांना काय समजावणार? आमच्या पळसदरीच्या बाजूला आता तशी फार्महाउसं पुष्कळ झाली आहेत. शनिवारी माणसं येतात, कपाटापुढे बसून फोटो काढतात, सोमवारी फाटकाला कुलूप. पावसाळा संपल्यावर त्या पुस्तकांना कसला वास येत असेल, ते मला कपाट न उघडताही सांगता येईल.

पुस्तकं कापायला लागलो ती माझ्यामुळे. मी कशेळ्याच्या पुढे एका उपकेंद्रात नर्स होते. वाड्यावाड्यांवर जायचं, तर हातात लसींचा डबा, खांद्याला पिशवी, पिशवीत जेवण, औषधं, छत्री. त्यात कादंबरी घुसवायची म्हणजे जेवणाचा डबा तरी आडवा होणार, नाहीतर कादंबरीला आमटी लागणार. आणि पुस्तक नसेल तर कशेळ्याच्या नाक्यावर माझा जीव जायचा. जीप भरल्याशिवाय सुटत नसे. ड्रायव्हर दाराला लटकून ओरडत राहायचा, आणि तेवढ्यात माझं निम्मं प्रकरण वाचून व्हायचं. शेजारच्या बाईने विचारलंच, "शिस्टर, पोथी वाचता का?" तर मी हो म्हणायचे. नाही म्हटलं असतं तर पुढे सगळी कथा सांगावी लागली असती.

नवरा खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर. त्यालाही वाचनाचं तेवढंच खूळ. ही गोष्ट लग्न ठरवताना कुणी पत्रिकेत बघितली नव्हती. मुलगी बघायला आले तेव्हा त्यांच्या काकांनी भाकरी येते का विचारलं, मामांनी नोकरी सोडणार का विचारलं. यांनी विचारलं, "सध्या काय वाचताय?" मी सांगितलं. यांचा चेहरा फुलला. "अरे वा, ती मी वाचलेय. त्यात शेवटी तो…" मी म्हटलं, "शेवट सांगू नका." दाखवायला आणलेली मुलगी मुलाला गप्प करते म्हणजे काय! आईने माझ्याकडे जे डोळे वटारले ते मला अजून दिसतात. हे मात्र हसायला लागले. परत जाताना वाटेतच काकांना म्हणाले म्हणे, "माझं नक्की हाय." मी हे त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की ते मी स्वतःच ऐकलं असं मला वाटतं.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात भांडण झालं ते एका जाडजूड कादंबरीवरून. दोघांनाही ती तेव्हाच वाचायची होती. त्यांची पहिली पाळी, मला सकाळची जीप. मी म्हटलं, माझ्या पिशवीत हे धूड मावणार नाही, तुम्हीच न्या, पण मग मी वाचू काय? हे उठले, हॅक्सॉच्या जुन्या पात्याला धार लावून केलेली सुरी घेतली, पुस्तक उताणं केलं आणि कण्यावरून सरळ खाली ओढली. दोन तुकडे माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "पहिला मी चार दिवसांत संपवतो. मग तो तुला, दुसरा मला. दोघं एकाच पुस्तकात." आधी मला रडू येईल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात हसू आलं.

तेव्हापासून तीच पद्धत. ते भराभर वाचणारे, त्यामुळे पहिला अर्धा आधी त्यांचा. मी मागून. आयुष्यभर मी त्यांच्या मागूनच वाचलं. नियम एकच, पुढे गेलेल्याने मागच्याला काही सांगायचं नाही. नियम पाळताना त्यांच्या पोटात दुखायचं. आमटीत मीठ जास्त पडलं की सूड म्हणून चमचा खाली ठेवून म्हणायचे, "सांगू का काय झालं त्या वकिलाचं? सांगू?" मी कानांवर हात ठेवायचे. मुलगी लहान असताना तिला वाटायचं, आमच्या नात्यातला कुणी वकील आजारी आहे.

कापायचं ते जाडी बघून, प्रकरण बघून नाही. त्यामुळे पहिला अर्धा बहुतेक वेळा वाक्याच्या मध्येच संपायचा. कुणी जिना चढायला लागलेलं असायचं आणि वर पोचायचं राहायचं. मला ते दोन-तीन दिवस तसंच लोंबकळत ठेवून हे दुसरा अर्धा सावकाश वाचत बसायचे. मुद्दाम. माझा संताप व्हायचा आणि त्यांना तोच हवा असायचा.

पुस्तकं यायची ती कर्जतच्या रद्दीच्या दुकानातून. दुकान एका मुसलमान कुटुंबाचं, मूळचे किनाऱ्याकडचे. तिथले चाचा आमच्यासाठी कादंबऱ्या वेगळ्या काढून ठेवायचे, मग त्या तराजूवर घालायचे. एकदा यांनी हौसेने त्यांना आमची पद्धत सांगितली. चाचांनी तराजूचं पारडं हातात धरूनच आमच्याकडे बघितलं. म्हणाले, "सिस्टर, आमी रद्दीवाले हाय, तरी आमी पुस्तकं अशी कापत नाय." पुढच्या खेपेला मात्र त्यांनी स्वतःच दोन जाड कादंबऱ्या पुढे सरकवल्या आणि म्हणाले, "घ्या, तुमच्या सुरीचं गिऱ्हाईक."

त्या दोन कादंबऱ्यांनी आमची चांगलीच फजिती केली. दोन्हींची कव्हरं गेलेली, कागद सारखा, अक्षर सारखं. दोन्ही एकाच दिवशी कापल्या आणि यांचं वाचून झाल्यावर तुकडे एकमेकांत गेले. मी एकीचा पहिला अर्धा वाचला आणि दुसरीचा दुसरा. पहिल्या अर्ध्यात बाप मेलेला होता, दुसऱ्यात तो अंगणात बसून सुपारी कातरत होता. मला वाटलं, लेखक फार हुशार दिसतो, बापाला आठवणीतून जिवंत केलंय, पुढे उलगडा करेल. किती तरी पानं मी त्या लेखकाचं कौतुक करत वाचत गेले. शेवटी यांना सांगितलं, तर हे जमिनीवर बसून हसले. मला राग आला, पण खरं सांगायचं तर ती कादंबरी मला अजून आवडते. असं पुस्तक जगात फक्त मीच वाचलंय.

हे सगळं मी अशा थाटात लिहितेय की जणू सगळं मजेत चाललंय. मजेत काही नाही. यांच्या डोक्यातून गोष्टी निसटायला लागल्या त्याला आता बराच काळ झाला. आधी चष्मा, मग चावी, मग कर्जतच्या बाजारातून घरी यायचा रस्ता. डॉक्टरांनी आजाराचं जे नाव सांगितलं ते मला नोकरीमुळे माहीत होतं. दवाखान्यात दुसऱ्यांच्या नातेवाइकांना मी ते किती शांतपणे समजावून सांगितलं होतं! "वय झालं की होतं, सांभाळून घ्या." आता तेच वाक्य मला कुणी ऐकवलं की वाटतं, थोबाडीत द्यावी.

तेव्हा घरात एक कादंबरी नुकतीच कापली होती. शेवटची, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिलाही कव्हर नव्हतं, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही. खाडीवर होडी चालवणारा एक नावाडी, त्याची बायको, आणि पलीकडच्या काठापर्यंत येऊ घातलेला पूल. एवढी गोष्ट. हे पहिला अर्धा घेऊन ओटीवर बसले. चार दिवस झाले, आठवडा झाला. मी विचारलं, "झाला का तुमचा?" म्हणाले, "आत्ता तर घेतलाय. ह्यो नावाडी मोठा बेरकी हाय गं." मग माझ्या लक्षात आलं. रोज सकाळी ते पहिल्या पानापासून सुरू करत होते आणि रोज तो नावाडी त्यांना नव्याने बेरकी वाटत होता.

महिने गेले तरी तेच. दुपारी त्यांचा डोळा लागला की त्यांच्या मांडीवरून मी तो अर्धा उचलायचे आणि पुढचं वाचायचे. असा माझा पहिला भाग संपला. संपला तोही मध्येच, खाडीला पूर आलाय, पलीकडे माणसं अडकलीत, बायको काठावर उभी राहून नको म्हणतेय, आणि नावाडी होडीत चढतो आणि. बस्स. एवढ्यावर कागद संपला.

दुसरा अर्धा कपाटात पडून होता. हात पुढे केला असता तर मिळाला असता, पण मी केला नाही. लोकांना हे वेडेपण वाटेल. मुलीला वाटलंच. ती पुण्याहून येते, चार दिवस राहते, घर आवरते. म्हणाली, "आई, तू वाच की सरळ. बाबांना आता काय कळतंय?" मी तिला इतकी ओरडले की ती बाहेर गाडीत जाऊन बसली. नंतर मीच चहा घेऊन गेले. ती तरी काय चुकीचं बोलली होती? पण त्यांच्या पुढे जाऊन वाचायचं म्हणजे ते आता मागे राहिले हे मी कबूल करायचं. ते माझ्याच्याने होईना. म्हणून पुस्तकं हा जिचा श्वास असं सगळे म्हणायचे, त्या बाईने त्यानंतर दुसरं पुस्तकही उघडलं नाही. वर्तमानपत्र बघायची, बाजाराची यादी करायची. दुपार जाता जायची नाही. मी चिडचिडी झाले, भांडी आपटायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा मला आमच्या घराचा कंटाळा आला.

यंदा दिवाळीनंतर त्यांचं वाचणंही थांबलं. डोळे ओळीवर ठरत नाहीत. पुस्तक हातात धरतात, पान कुरवाळतात, कधी उलटं धरतात. आणि एका सकाळी मी अंघोळीचं पाणी काढत होते तेव्हा ओटीवरून हाक आली, "अगं, पुढचं काय झालं गं?"

मी हात पुसत बाहेर आले. "कुणाचं?"

"तो होडीत चढला नाय का? पुरात?"

रोज पहिल्या पानाला परतणारा माणूस त्या शेवटच्या ओळीपर्यंत कधी पोचला, कसा पोचला, कुणास ठाऊक. पोचला होता एवढं खरं. आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

त्या दुपारी ते झोपल्यावर मी दुसरा अर्धा कपाटातून काढला. आधी आपण वाचून बघावं, मग त्यांना वाचून दाखवावं, असं मनाशी म्हटलं. लहान पोराला औषध पाजताना आई आधी जिभेला लावून बघते, तसं. पुरातून नावाडी सगळ्यांना घेऊन सुखरूप परत आला. मला एवढं हायसं वाटलं की मी तिथेच थांबायला हवं होतं. नाही थांबले. किती दिवसांनी वाचत होते, हावरटासारखी पुढे गेले. पूल झाला, होडी काठावर पालथी पडली, आणि एका पानावर, पूर नाही, वादळ नाही, काही नाही, नावाड्याला साधा ताप आला. बायकोने काढे दिले. पहाटे तो गेला. लेखकाने त्याला जेमतेम दोन ओळी दिल्या. मी पुस्तक मिटलं आणि पदर तोंडात घालून बसले, कारण आत ते झोपले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी मोठ्याने वाचायला लागले. पुराचं प्रकरण त्यांना फार आवडलं. "शाब्बास रं!" असं मध्येच ओरडायचे. शेजारची बाई कुंपणापाशी येऊन बघून गेली. दुसऱ्या दिवशी ते विसरलेले असायचे, मग मी पुन्हा होडीत चढण्यापासून सुरू करायचे. मलाही ते बरंच होतं. पूर कितीही वेळा आला तरी नावाडी सुखरूप परत येतच होता. पण त्यांना कधी कधी आदल्या दिवशीचं आठवायचं, आणि तेव्हा ते मला मागे फिरू देत नसत. "हे झालं की. पुढचं वाच." असे आम्ही रडतखडत पुढे सरकलो. पूल झाला. होडी पालथी पडली.

तापाच्या पानावर आलो तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. ते कॉटवर उशीला टेकून होते, मी शेजारी खुर्चीत. ताप चढला, काढे झाले, आणि मी थांबले नाही. पुस्तकात बघत, त्याच आवाजात, माझ्या मनचं वाचायला लागले. सांगितलं की शेजारच्या गावात एक सिस्टर होती, ती निरोप मिळताच निघाली. काळ कुठला, खाडी कुठली, आणि मी माझी नेमणूक तिथे करून घेतली. तिने ताप बघितला, गोळ्या दिल्या, ओल्या फडक्याने अंग पुसून काढलं, बायकोला म्हणाली, घाबरू नका, उतरेल. तिला मी पहाटेपर्यंत जागं ठेवलं. ताप उतरवला. नावाड्याला पेज पाजली, अंगणात बसवलं. पूल बघून तो काय म्हणाला तेही सांगितलं. शेवट सांगू नका म्हणणारी बाई मी. शेवट बदलणाऱ्या माणसांचा मला फार तिटकारा. पण एकदा सुरू केल्यावर मला थांबता येईना, इतकं ते बरं वाटत होतं.

"पान नाय उलटलंस तू," ते म्हणाले.

"काय?"

"लई वेळ झाला. वाचतेयस, पान नाय उलटलंस."

मी त्यांच्याकडे बघितलं. दुपारी काय जेवले ते या माणसाला सांगता आलं नसतं. डोळे मिटलेले होते. म्हणजे ते पानाच्या आवाजाची वाट बघत पडले होते, आणि तो आला नव्हता.

मी बोट मागे नेलं, ती ओळ शोधली आणि वाचली. पहाटे तो गेला. त्यानंतरची ओळही वाचली. माझा आवाज नीट राहिला, नर्सचा आवाज. किती तरी घरांत मी ही बातमी सांगितली होती.

"गेला?"

"गेला."

"तापानं?"

"हो."

"बघ आता. पुरातनं वाचला आणि तापानं गेला." त्यांनी मान हलवली. मग बराच वेळ चादरीवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, निसटलं सगळं, आता विचारतील चहा झाला का. मी पुस्तक मिटायला घेतलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"आणि त्याची बायको? ती काय करते गं मग?"

उजव्या हाताला अजून बरीच पानं होती. नावाडी गेल्यावरची सगळी पानं लेखकाने तिलाच दिली असणार.

"माहीत नाय," मी म्हटलं. "तिथवर मी अजून वाचलं नाय."